वाळवणाच्या पेटीतली लावरी

बायको गेली, त्यानंतर मुलीने मला रोह्याला नेलं. विचारलं वगैरे काही नाही. पिशवी भरली, पेणजवळच्या जोह्यातल्या घराला कुलूप लावलं, चावी स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि मला गाडीत बसवलं.

मुलगी चांगली आहे. जावईही चांगला आहे. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, गोळी वेळेवर. पण मला काम काय? जन्मभर गणपतीचे साचे भरले. नखात प्लास्टरचं पांढरं असल्याशिवाय जेवायला बसल्याचं मला आठवत नाही. रोह्यात हात इतके स्वच्छ राहायला लागले की ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटायचे. मुलगी त्या हातात टीव्हीचा रिमोट द्यायची. मी टीव्ही बंद करायचो.

"बाबा, कंटाळा येतो काय?"

"नाय."

"मग तोंड असं करून का बसलाव?"

"तोंड हाय तेच हाय. नवीन कुठून आणू?"

जावई कंपनीत शिफ्टला जातो आणि घरामागच्या शेडमध्ये लावऱ्या पाळतो. तो त्यांना बटेर म्हणतो. थंडी पडली की आमच्या भागात जागोजागी पोपट्या लागतात. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडीचे तुकडे भरायचे, तोंडाशी भांबुर्डीचा पाला कोंबायचा, मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. अलीकडे लोकांना त्यात लावरी लागते. त्यामुळे थंडीभर मुलीचा फोन वाजत असतो. अंडी उबवायला त्यांनी मशीन घेतलंय. कोंबडीसारखी ही लावरी अंड्यांवर बसत नाही, अंडं घालते आणि चालू लागते.

एका सकाळी नेमकी पिल्लं फुटायच्या वेळेला लाईट गेली. बऱ्याच वेळाने आली. बाकीची पिल्लं निघाली आणि मशीनमध्ये धावायला लागली. एक मात्र उशिरा निघालं. मुलीने ते स्टीलच्या वाटीत बाजूला ठेवलं होतं. मी वाकून बघितलं. माझ्या अंगठ्याएवढं पिल्लू. पिवळं, पाठीवर तपकिरी पट्टे, मान खाली टाकलेली. पोट मात्र वरखाली होत होतं.

"ह्याचं काय करणार?" मी विचारलं.

"काय करणार? जाईल ते आपोआप."

तिने ते दुष्टपणाने म्हटलं नाही. एवढ्या पिल्लांचा व्याप ज्याच्या मागे आहे तो एकेकापाशी बसला तर झालंच. पण बायकोच्या वेळी हॉस्पिटलातही मला हेच सांगितलं होतं, जरा बऱ्या शब्दांत. दुसऱ्यांदा ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

"मी नेतो ह्याला."

"कुठं?"

"घरी."

"घरीच हाय तुमी."

"माझ्या घरी."

मुलगी हातातलं काम ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, तिथं एकटं कसं राहणार? दूध उतू जाईपर्यंत बघत राहता तुमी. आणि हे जगणार नाय. मी रोज बघते. मान टाकली की संपलं."

"जगलं तर मी जोह्याला राहणार. मेलं तर परत येणार, कायमचा. मग म्हणशील तितका वेळ रिमोट धरून बसतो."

तिने वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. दोनेक दिवसांचा प्रश्न आहे असा हिशोब तिने केला असणार. पर्समधून चावी काढली.

"ठरलं. पण मेलं तर मेलं म्हणायचं. दुसरं आणून दाखवायचं नाय."

"मी काय चोर हाय?"

"आईला दुसरी कोंबडी आणून दाखवली होती तुमी."

"तिची मुंगसानं नेली होती. आणि तुझ्या आईनं अंगणातच ओळखली, ही आपली नाय म्हणून."

त्यावर मुलगी हसली. आईवरून हसायला आम्हा दोघांना तोवर जमलं नव्हतं.

पिल्लू मी माझ्या माकडटोपीत ठेवलं, टोपी शर्टाच्या आत छातीशी धरली आणि रोह्याच्या स्टेशनवर जाऊन पेणकडची गाडी पकडली. गाडी रिकामी होती. नागोठण्याला एक भाजीवाली समोर येऊन बसली. तेवढ्यात छातीतून चीं असा आवाज आला.

"आजोबा, मोबाईल वाजतोय," ती म्हणाली.

"मोबाईल नाय. लावरी हाय."

तिला वाटलं म्हातारा चळला. मी टोपी थोडी उघडून दाखवली. बाईने पदर सावरला, वाकून बघितलं आणि पेण येईपर्यंत खिडकी बंद करून बसली, पिल्लाला वारा लागू नये म्हणून. तिचं गाव मी विचारलं नाही.

पेणला उतरलो, सहा आसनी रिक्षाने जोह्याला आलो. घराचं कुलूप काढलं. आत धूळ होती आणि बंद घराला येतो तो वास. पडवीत माझं सगळं सामान होतं तसंच होतं. रबरी साचे, पॉलिशपेपर, काथ्या. आणि कोपऱ्यात पेटी.

ही पेटी सांगितली पाहिजे. पावसाळ्यात मूर्ती उन्हात ठेवता येत नाहीत आणि गिऱ्हाईक तर तेव्हाच डोक्यावर बसलेलं असतं. म्हणून मी लहान मूर्तींसाठी लाकडी पेटी केली होती. आतून पत्रा मारलेला, वर मोठा बल्ब. ओली मूर्ती ठेवायची, झाकण लावायचं, दुसरं काम करायचं. बोट लावून बघायचं. गार लागली तर अजून ओली, कोमट लागली तर झाली. माझ्या पेटीतली मूर्ती कधी तडकली नाही.

पिल्लाला प्रवासात तहान लागली असेल म्हणून मी बशीत पाणी ठेवलं. पिल्लाने एक पाऊल टाकलं आणि पालथं पडलं पाण्यात. मी उचललं तोवर चिंब. अंगावरची लव चिकटून अर्धं झालं होतं. ओलं दिसलं की काय करायचं, एवढं एकच माझ्या हातांना माहीत. मी ते पेटीत ठेवलं, बल्ब लावला, झाकण घातलं आणि पडवी झाडायला घेतली.

झाडून झाल्यावर सवयीने झाकण उघडलं, बोट लावलं. कोमट लागलं. मला बरं वाटलं. मग नीट बघितलं. पिल्लू वाळलं होतं, चांगलं फुलून आलं होतं. पण चोच उघडी, डोळे मिटलेले आणि दोन पाय दोन दिशांना फाकून पत्र्यावर सपाट पडलेलं.

त्याच वेळी शेजारची वहिनी दारात आली. ही वहिनी गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे गणपतीचे डोळे काढते. माझ्या बायकोनेच तिला शिकवलं. कारखान्यात पहिल्यापासून डोळे काढायला माझी बायको असायची, तिच्यानंतर ही. दार उघडं बघून धावत आलेली.

"भावोजी, आलाव कधी? सांगायचं तरी." मग तिची नजर पेटीत गेली. "हे काय हो?"

"लावरी. ओली झाली, म्हणून वाळवतोय."

"वाळवताय?" तिने झाकण माझ्या हातातून ओढलं. "पिल्लू हाय की गणपती? आता पॉलिशपेपर पण मारा. काढा आधी भायेर. भाजलं की ते."

मी पिल्लू बाहेर काढलं. तळहातावर वजन लागत नव्हतं. बाहेर हवेत धरलं, तर चोच मिटली आणि पुन्हा उघडली.

"पाणी पायजे त्याला," वहिनी म्हणाली.

"पाण्यातच तर पडलं."

"पडायला नाय, प्यायला. थेंबभर. चमचा आणू?"

चमचा चोचीपेक्षा चारपट मोठा. कापसाची वात करून बघितली, तीही जाड. बोटाने थेंब धरला तर तो चोचीवरून घसरून नाकपुडीवर गेला आणि पिल्लू शिंकलं. एवढंसं शिंकतं हेही मला माहीत नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग वहिनीने वर बघितलं. मीही तिकडेच बघितलं.

पडवीच्या वाशाला बांबूचं नळकांडं अडकवलेलं आहे. त्यात बायकोचा आखणीचा ब्रश. दोनचार केसांचा असतो तो. डोळ्याची कड ओढायला त्याहून जाड चालत नाही. ती गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. कारखान्यातून मागायला आले होते, मी दिला नव्हता.

मीच स्टूल घेतलं, नळकांडं काढलं. ब्रश धुऊनच ठेवलेला. ती तो कधी मळका ठेवत नसे. मी गुळाचं पाणी केलं, टोक बुडवलं आणि पिल्लाच्या चोचीच्या कडेला टेकवलं.

आमच्याकडे एक रीत आहे. आखणी चालू असताना डोळे काढणाऱ्या बाईला हाक मारायची नाही. कारखान्याला आग लागली तरी आधी तिची रेघ पुरी होऊ द्यायची, असं आम्ही मस्करीत म्हणतो. तोंडाने एक मिनिट गप्प न बसणारी ही वहिनी त्या दिवशी माझ्या शेजारी उकिडवी बसून श्वास धरून होती. माझा हात साच्याचा, ब्रशाचा नाही. एक थेंब चोचीच्या फटीत गेला. काही झालं नाही. दुसरा गेला. मग चोच हलली. एकदा, मग पुन्हा. तिसऱ्या थेंबाला पिल्लाने मान उचलली आणि आपणहून ब्रशाच्या टोकाला चोच लावली.

आणि डोळा उघडला. काळा, मोहरीच्या दाण्यासारखा.

"बघतंय," वहिनी म्हणाली, हळूच. मग नेहमीच्या आवाजात, "आता तुमाला बघून परत नाय मिटला म्हणजे झालं."

पुढचं काम तिने मला समजावलं आणि मी ते माझ्या पद्धतीने केलं. बल्ब लहान आणला, पेटीच्या एका कोपऱ्यात उंच टांगला, झाकण अर्धं उघडं. पिल्लाला गरम लागलं तर लांब जाईल, गार लागलं तर जवळ येईल. पत्र्यावर गोणपाट घातलं, पाय धरायला. पाण्यासाठी बाटलीचं झाकण ठेवलं, त्यात खडे टाकले, बुडू नये म्हणून. उकडलेल्या अंड्यातलं पिवळं बोटाने कुस्करून पेरलं. पिल्लू ते टिपेना, म्हणून वहिनीने नखाने गोणपाटावर टकटक केलं, कोंबडी करते तसं. पिल्लाने बघितलं आणि टिपलं. मग मी टकटक केलं. मग बराच वेळ आम्ही दोघं पेटीवर वाकून टकटक करत होतो. रस्त्याने जाणारे थांबून बघत होते.

पाय मात्र फाकलेलेच राहिले. उभं राहायला गेलं की पाय दोन बाजूंना जायचे आणि पिल्लू पोटावर बसायचं. मूर्तीचा हात निखळला की आम्ही जागेवर बसवून पट्टी बांधतो आणि धरेपर्यंत हलवत नाही. म्हटलं, हेही तसंच. मेडिकलमधून चिकटपट्टी आणली, तिची काडीएवढी चीर कापली आणि दोन पाय जागेवर राहतील इतपत अंतर ठेवून एकमेकांना बांधले.

"बांधा," वहिनी म्हणाली, "पण वरून प्लास्टर नका घालू."

बेडी घातल्यावर पिल्लू पहिल्यांदा तोंडावर पडलं. मग बसलं. मग उड्या मारत कोपऱ्यात गेलं आणि तिथून माझ्याकडे असं रागाने बघितलं की मला बायकोचीच आठवण झाली. बाजारातून मी भलतंच काही आणलं की ती असं बघायची.

गावभर झालं. कारखान्यातली माणसं दुपारच्या सुट्टीत डबे घेऊन माझ्या पडवीत यायला लागली. पूर्वीही यायची, बायको असताना. ती ताक द्यायची. मी ताक देत नाही, पण माणसं आली.

"काका, पोपटीला तयार होईल काय?"

"तुझ्या मडक्याला तोंड किती, ह्याला मांस किती. आधी तूच बस मडक्यात."

"एक दाढ तरी भरेल."

"तुझ्या दाढा ऱ्हायल्यात कुठं?"

रोज मुलीचा फोन यायचा. आधी मला विचारायची, जेवलाव काय. मग, "आहे?" मी म्हणायचो, "हाय." ती म्हणायची, "बरं." तिला ह्या बरं म्हणण्याचा आनंद आहे की त्रास, ते मला फोनवरून कळत नव्हतं.

एक अडचण नवीन आली. पिल्लू खायला लागलं, पण मी पेटीपासून लांब गेलो की ओरडायचं. साधं नाही, घर डोक्यावर घेणारं. मी चूल पेटवायला आत जावं तर चीं चीं, मोरीत जावं तर चीं चीं. ओरडून ओरडून दमायचं आणि खाणं सोडायचं. पुन्हा मान खाली. मला वाटलं, इतकं करून आता जातंय.

"एकटं पडलंय हो," वहिनी म्हणाली. "घोळक्यातली जात ती. एकटं ऱ्हायची सवय नाय त्याला."

"मग मी काय करू? आत जाऊन बसू?"

"आरसा ठेवा. पिंजऱ्यात ठेवलेला बघितलाय मी."

घरात आरसा एकच. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला अडकवलेला, हाताएवढा. बायको त्यात बघून कुंकू लावायची, पुढे टिकल्या आल्या तशा टिकल्या. रात्री काढलेली टिकली ती आरशाच्या कडेला चिकटवून ठेवायची. सकाळी त्यातलीच एखादी पुन्हा. अजून तीनचार लाल टिकल्या तिथेच होत्या. मी दाढीसुद्धा त्या आरशात करत नव्हतो, न्हाव्याकडे जात होतो.

तो काढला आणि पेटीत उभा केला. पिल्लू ओरडता ओरडता थांबलं. आरशात दुसरं पिल्लू बघितलं. जवळ गेलं. त्यालाही पायात बेडी. हे एक पाऊल पुढे, ते एक पाऊल पुढे. मग त्याला लाल टिकली दिसली. दाणा समजून चोच मारली. टिकली निघाली नाही. पुन्हा मारली. मागे सरून बघितलं आणि सगळं बळ लावून तिसऱ्यांदा मारली, आणि स्वतःच उलटं पडलं. आरशातलंही पडलं.

मला हसू आलं. आवाज मोठा निघाला असणार, कारण वहिनी हातात लाटणं घेऊन धावत आली.

"काय झालं भावोजी?"

मला बोलता येईना. नुसतं बोट दाखवलं. तिने बघितलं, तिलाही हसू फुटलं. मग तिने पदर तोंडाला लावला आणि डोळे पुसले. मीही पुसले. पाणी कशाने आलं ते दोघांनाही माहीत होतं.

टिकल्या मी सोडवून घेतल्या. गिळली असती एखादी. त्या पेटीच्या झाकणावर चिकटवल्या, वरच्या बाजूने. अजून आहेत.

त्यानंतर पिल्लाने मागे वळून बघितलं नाही. आरशाला चिकटून झोपायचं, उठून खायचं. चिकटपट्टी काढली तेव्हा पाय सरळ. उजवा जरा आत पडतो, पण चालायला अडत नाही. पंख आले. पाठीवर सुक्या गवताचा रंग आला. छातीवर काळे ठिपके आले, म्हणजे मादी. नर असता तर छाती विटकरी झाली असती, हे जावयाने फोनवर सांगितलं. तो रोज मुलीच्या फोनवरून मागून काहीतरी सांगायचा. पैज मुलीची आणि माझी, पण जावई माझ्या बाजूने होता असं मला वाटतं.

माघी गणपतीचं काम कारखान्यात चालू झालं, तसे मीही चार साचे घरी मागून घेतले. पडवीत मी साचे भरायचो आणि लावरी पेटीबाहेर, माझ्या पायाशी. प्लास्टर सांडलं की त्यातून चालायची आणि घरभर पांढरी पावलं. बायको असती तर दोघांनाही अंगणात काढलं असतं. एका दुपारी मी मूर्ती साच्यातून सोडवत होतो. खाली बघितलं तर काथ्याच्या ढिगात अंडं. बोराएवढं, तपकिरी ठिपक्यांचं. लावरी शेजारी उभी, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.

मी मुलीला फोन केला. तिने नेहमीसारखं विचारलं, "आहे?"

"अंडं घातलंय."

मग म्हणाली, "येते मी."

ती आली. मोठी पिशवी घेऊन आली. माझे कपडे न्यायला आली असेल, पैज विसरली असेल, असं मनात आलं आणि भांडायला काय काय बोलायचं ते मी जुळवून ठेवलं. तिने आधी घर बघितलं. चूल बघितली, दुधाचं भांडं उघडून बघितलं, झाकणावरच्या टिकल्यांवर बोट फिरवलं. मग लावरी उचलली, उलटी करून पाय बघितले.

"हीच ती?"

"उजवा पाय आत पडतो. दुसरी आणली असती तर सरळ पायाची आणली असती."

"हां," ती म्हणाली. "ते खरं."

वहिनीने वालाचं बिरडं आणलं. आम्ही जेवलो. अंडं मुलीने उकडून आम्हा तिघांत वाटलं, प्रत्येकाला नखाएवढं आलं. पैजेचा विषय कुणी काढला नाही. गाडीची वेळ झाली तेव्हा तिने पिशवी उघडली. आत पुठ्ठ्याचा खोका होता, झाकणाला भोकं पाडलेली, खाली गरम पाण्याची बाटली. आत तीन पिल्लं, मान टाकलेली.

"ही पण जगणार नायत, असं तुमचे जावई म्हणतात."

मी खोका घेतला. "ह्यांच्यावर काय पैज?"

"ह्यांच्यावर पैज नाय, बाबा." चप्पल घालताना ती खाली बघूनच बोलली. "ही जगोत नायतर मरोत. तुमी इथंच ऱ्हावा. रविवारी येत जाईन मी."

तिने पर्समधून घराची दुसरी चावी काढून दाखवली. ती तिने कधीच करून घेतली होती.

त्या तिघांतली दोन जगली. एक गेलं, ते मी अंगणातल्या शेवग्याखाली पुरलं. आता पेटीत आरसा लागत नाही. तो मी पुन्हा खिळ्याला अडकवलाय आणि दाढी तिथेच करतो. वहिनी परवा आखणीचा ब्रश मागत होती, कारखान्यातला खराब झाला म्हणून. मी म्हटलं, ने, पण संध्याकाळी परत आण, रविवारी मुलगी येणार आहे आणि तिच्या पिशवीत काय असेल सांगता येत नाही.